डोक्यामागची खूण

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. उद्या जव्हारच्या बाजारात तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहणार नाही. बघा, सुरुवातच भित्रेपणानं झाली.

माझ्या डोक्याच्या मागे, या कानापासून त्या कानापर्यंत, एक आडवी खूण आहे. केस वाढलेले असले की दिसत नाही, हात फिरवला की लागते. ती कशाची, हे इथं सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे — माहीत आहे असं त्यांना वाटतं. मी तसं वाटू दिलं. पण आधी केसांपासून सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल, एवढ्याशा गोष्टीसाठी?

हो. एवढ्याशाच गोष्टीसाठी.

आमचं घर मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याकडचं. आमच्या घरात पुरुषांचे केस तिशी गाठत नाहीत. आजोबा तसे, दोन्ही काका तसे, आणि वडिलांना तर टोपीशिवाय मी फक्त अंघोळीच्या वेळी पाहिलंय. मी डी.एड. झालो, दाभोशाच्या बाजूच्या एका शाळेवर शिक्षक म्हणून लागलो आणि जव्हारला खोली घेऊन राहू लागलो. एका रविवारी न्हाव्यानं केस कापून झाल्यावर नेहमीसारखा मागे दुसरा आरसा धरला आणि काही न बोलता पटकन खाली घेतला. एरवी तो अखंड बडबडणारा माणूस. त्या दिवशी गप्प का बसला? घरी येऊन मी दार लावलं आणि दोन आरसे घेऊन तासभर बसलो.

दोन हजार साल नुकतंच मागे पडलं होतं. मी अठ्ठावीस वर्षांचा. मुली बघणं सुरू होतं. दोन ठिकाणांहून 'कळवतो' म्हणाले आणि कधीच कळवलं नाही. कारण दुसरंही असेल — पत्रिका असेल, पगार असेल. पण चोराच्या मनात चांदणं. मी कुठंही गेलो की आधी बघायचो, खिडकी कुठं आहे, उजेड कुठून येतोय, पंखा डोक्यावर तर नाही ना. वडिलांनी एकदाच विषय काढला. म्हणाले, "आपल्या घरात क्यास ठरत नाय रे. टोपी घाल नि कामाला लाग." मला त्यांचा राग आला. त्यांनीच तर दिलं होतं हे मला, आणि वर टोपी घाल म्हणतात!

मग नाशिकची वारी सुरू झाली. मोखाड्यावरून जाणारी एस.टी. पकडायची, त्वचेच्या डॉक्टरला दाखवायचं, संध्याकाळी परत. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं सगळं नीट सांगितलं. डोक्याला लावायचं औषध दिलं, म्हणाला, रोज दोनदा लावा, सुरुवातीला थोडे जास्त गळतील, घाबरू नका, चार-सहा महिने धीर धरा. मी धीर धरणारा असतो तर हे लिहायची वेळ आली असती का? तिसऱ्या आठवड्यात उशीवर केस दिसले आणि बाटली मोरीत ओतली. मग गोळी. रोज एक, आणि कायमची. सोडली की केस पुन्हा जाणार. बहुतेकांना काही होत नाही, असं तो म्हणाला, मोजक्या काहींना पुरुषपणाची तक्रार जाणवते. त्या मोजक्यांत मीच असणार, याची मला खात्री होती. लग्न व्हावं म्हणून घ्यायची गोळी, आणि लग्नाचाच घात केला तर? बारा दिवस घेतली. बाराही दिवस सकाळी डोळे उघडल्याबरोबर स्वतःची तपासणी. तेराव्या दिवशी बंद.

विगसुद्धा घालून पाहिला, एका दुकानात, पडद्याआड. आरशात एक अनोळखी इसम बसला होता, मला हसू आलं. पण विचार केला, मी रोज शाळेत जातो कसा? जीपनं. आमच्याकडच्या जीपमध्ये आत वीस, टपावर पाच-सहा, आणि मागे लोखंडी पायरीवर उभे राहून लटकणारे वेगळे. वळणावर दोन्ही हातांनी दांडा धरावा लागतो. विग कोण धरणार?

म्हणून ऑपरेशन. मागची केसांची पट्टी कापून काढायची, टाके घालायचे, आणि त्या पट्टीतली मुळं पुढे एकेक करून लावायची. खूण कायम राहील, डॉक्टरांनी बजावलं. आणि गोळी पुढेही घ्यावी लागेल, नाहीतर लावलेले केस टिकतील पण त्यांच्या मागचे जात राहतील. मी घेतो म्हणालो. ते तर अगदीच लहान खोटं होतं.

आता लहानूबद्दल सांगतो. टाळत होतो.

लहानू आमच्या शाळेजवळच्या पाड्यावरचा वारली. जव्हारच्या एका व्यापाऱ्याची जीप चालवायचा. माझ्याच वयाचा. त्याची मुलगी माझ्या वर्गात दुसरीत होती, म्हणून असेल, पण 'गुरुजी' दिसले की तो आतल्या कुणालातरी सरकवून मला जागा करून द्यायचा. दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. जीप खच्चून भरलेली, आत एक पोटुशी बाई, म्हणून मीच म्हणालो, मागे उभा राहतो. खांद्याला पिशवी होती, कारण मी तसाच नाशिकला निघालो होतो. घरी सांगितलं होतं, मित्रांबरोबर फिरायला जातोय. स्टँडवर ओळखीचं कुणी भेटलं तर? कुठं निघालात, विचारलं तर? पायरीवरचे बाकीचे वाटेतच उतरले होते, मागे मी एकटाच. म्हणून शहरात शिरायच्या आधी, चढाच्या वळणावर जीप हळू झाली तशी मी मागच्या मागे उतरलो. लहानूला हाकही मारली नाही. आडवाटेनं गेलो आणि पुढच्या थांब्यावर नाशिकची गाडी पकडली.

नाशिकला तारीख दोनदा पुढे गेली. लॉजवर पडून राहिलो. शाळा उघडायला चार दिवस असताना ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी कपाळावरची सूज उतरून डोळ्यांवर आली, डोळे काळेनिळे. डॉक्टर म्हणाले, असं होतं, जाईल. पण रजा शिल्लक नव्हती. डोक्याला पट्टी, वर सैल टोपी — हो, टोपीच — अशा अवतारात मी शाळेत हजर झालो. न्हाणीघरात घसरलो, असं सांगायचं मी ठरवलं होतं. गाडीत घोकतही आलो होतो.

ते सांगायची वेळच आली नाही. आमच्या हेडमास्तर बाई मला बघून उठूनच उभ्या राहिल्या. "अरे देवा! जीपवरून पडलात ना? मला ठाऊकच होतं, एक दिवस हे होणार." किती सोपं करून दिलं त्यांनी! मी मान हलवली. इथवरही एकवेळ ठीक होतं — कुणाचं नुकसान नव्हतं. पण त्यांनी विचारलं, "कुणाची जीप?"

आठवत नाही, म्हणता आलं असतं. नाशिककडची कुठली तरी होती, म्हणता आलं असतं. डोक्याला मार लागलेल्या माणसाला कोण खोदून विचारतं? पण मला वाटलं, थांबलो तर पकडला जाईन. त्या दिवशी लहानूच्या जीपला लटकताना सगळ्यांनी मला पाहिलं होतं. गोष्ट जुळत होती. मी म्हणालो, "लहानूची."

एक खोटं टिकवायला दहा लागतात. मागून आलेल्या टेंपोवाल्यानं उचलून नाशिकला नेलं, हेही मी रचलं. जव्हारला एवढं सरकारी रुग्णालय असताना नाशिकला कशाला, हे कुणीच विचारलं नाही. त्याचंही उत्तर मी तयार ठेवलं होतं.

बाई सरळ, कडक. त्याच दिवशी जीपच्या मालकाकडे गेल्या. संध्याकाळी त्यानं लहानूकडून किल्ली काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहानू माझ्या खोलीच्या दारात उभा. काखेत कोंबडी. आत ये म्हटलं तर येईना. मला वाटलं, आता हा म्हणणार, गुरुजी, खोटं का बोललात? तो काय म्हणाला, सांगू?

"गुरुजी, माना कललाच नाय. स्टँडवर आलू नि पाह्यला, तं तुमी नाय. माना वाटला, उतरला असतील. मी मांगं फिरून पाहाया पायजे होता."

त्याला ते खरं वाटत होतं! माझ्या डोळ्यांभोवतीचा काळा रंग तो बघत होता आणि त्याचे डोळे भरून येत होते. शब्द माझ्या ओठांवर होते — लहानू, मी पडलो नाही. चारच शब्द. पण त्यामागून त्याचा प्रश्न आला असता: मग हे डोक्याला काय? आणि त्याचं उत्तर पाड्यावर, शाळेत, बाजारात, पोशेऱ्याला, मुलीवाल्यांकडे... मास्तरानं केस लावून आणले!

मी म्हणालो, "असू दे रे. होतं असं."

म्हणजे मी त्याला माफ केलं. ज्यात त्याचा तिळमात्र दोष नव्हता, त्याबद्दल मी त्याला माफ केलं, आणि कोंबडी ठेवून घेतली.

महिन्याभरानं तो बायको-मुलीला घेऊन भिवंडीकडे वीटभट्टीवर गेला. दुसरीच्या हजेरीत त्याच्या मुलीच्या नावापुढे रोज मीच गैरहजर लिहीत होतो. माझे लावलेले केस तोवर डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे गळून गेले होते. मार्चच्या सुमारास नवे उगवू लागले. मी आरशात ते बघायचो आणि मला आनंद व्हायचा. हेही कबूल करायला हवं. व्हायचा.

पुढल्या पावसाळ्यात तो आवणीला, भाताची रोपं लावायला, परत आला, तेव्हा मला राहवलं नाही. मी मालकाकडे गेलो. म्हणालो, त्याची चूक नव्हती, माझाच हात सुटला असेल, त्याला गाडी द्या. मालक म्हणाला, गुरुजी, मन मोठं आहे तुमचं. ही गोष्ट जव्हारभर झाली. मोठ्या मनाचा मास्तर! पण लहानूनं किल्ली घेतली नाही. ज्याला मागचा माणूस पडलेला कळत नाही त्यानं गाडी चालवू नये, म्हणाला. त्याच्या हातांतलं चाक त्याला परत देईल अशी एकच गोष्ट होती, आणि ती माझ्याजवळ होती.

या गोष्टीला सात वर्षं झाली. माझं लग्न झालं. बायको रविवारी डोक्याला तेल लावताना त्या खुणेवर हळूच बोटं फिरवते आणि जीपवाल्यांना शिव्या घालते. मी डोळे मिटून बसतो. गोळी मी घेतलीच नाही, त्यामुळे पुढची लावलेली ओळ राहिलीय आणि तिच्यामागे मोकळं मैदान झालंय. आता बाहेर निघताना टोपी घालतो. वडिलांसारखीच, पांढरी.

लहानू अजून भट्टीवर जातो. त्याची मुलगी परत शाळेत आली नाही. आवणीच्या दिवसांत, नाहीतर शिमग्याला, बाजारात तो भेटतोच. लांबून दिसला तर मी रस्ता बदलतो, पण तो गाठतो. दर वेळी समोर येऊन उभा राहतो, माझ्या टोपीकडे बघतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "गुरुजी, डोका दुखं का आजून?"

गेल्या आठवड्यातही विचारलं.

मी म्हणालो, "कधी कधी."