ड्रॅगनच्या गुहेची तपासणी

मामांनी एकतीस वर्षं लिफ्ट तपासल्या. दोर, ब्रेक, दाराची फट, सगळं डोळ्यांत तेल घालून बघायचे आणि मनासारखं नसेल तर सील ठोकून मोकळे. एकदा स्वतःच्याच इमारतीची लिफ्ट बंद केली आणि मामींच्या आईला सहा मजले चढायला लावले. मामी ते अजून विसरलेल्या नाहीत. असा हा सरळ माणूस निवृत्त झाला आणि म्हणाला, "आता मला जरा दुष्ट व्हायचंय."

सोय भाचीने केली. ती दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर फाशांचा खेळ मांडायची. राक्षस, किल्ले, जादूटोणा. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं, त्याचा स्वभाव कागदावर लिहायचा, सज्जन की दुष्ट, आणि तसंच वागायचं. मामी झाल्या सज्जन सरदार. मामा झाले दुष्ट चोर, अंगात अदृश्य करणारा झगा.

पण सहा रविवारांत एक चोरी होईल तर शपथ! राजवाड्यात शिरले ते दार वाजवून. पहारेकऱ्याला विष दिलं आणि वर "रिकाम्या पोटी घेऊ नका" म्हणाले.

"मामा, आज शेवटची संधी," भाचीने बजावलं. "आजही दुष्टपणा केला नाहीस, तर खोडून सज्जन लिहिणार. झगाही जाणार."

मामांनी आपला कागद हाताखाली झाकला. "अगं, सज्जन तर मी नोकरीत होतोच की!"

"नोकरीत तुम्ही खडूस होतात," मामी म्हणाल्या. "सज्जन वेगळं."

समोर ड्रॅगनची गुहा. ड्रॅगन घोरतोय, पोटाखाली सोन्याचा ढीग. त्या सोन्यावर दुष्काळातलं राज्य जगणार. मामांनी वीस बाजूंचा फासा टाकला. वीस! त्याच्यावर आकडाच नाही.

"आता काहीही कर, जमणारच," भाची म्हणाली. "बोल."

"मी सोनं..." मामा अडखळले. "बाहेर पडायला दुसरा रस्ता कुठेय?"

"नाहीये."

"एकच दार? आणि आत आग ओकणारं जनावर?"

"अहो, सोनं उचला!" मामी ओरडल्या.

"आधी त्याला उठवतो."

"कोण आहे रे?" भाची ड्रॅगनच्या जाड आवाजात गुरगुरली.

"तपासणी. धूर जायला वाट कुठेय? याआधी पाहणी कधी झाली?"

ड्रॅगनने आग ओकायला छाती फुगवली. मामांनी बोट रोखलं. "हेच! हेच लिहून घेतो."

वीस म्हणजे वीस. चारशे वर्षांचा ड्रॅगन मान खाली घालून गुहेबाहेर चालता झाला.

"शाब्बास!" मामींनी टाळी वाजवली. "चला, भरा पोती."

"आत कोणी जायचं नाही. गुहा सील."

"आपल्यालाही?"

"फेरतपासणीपर्यंत. अर्ज करा. साधारण नव्वद दिवस."

मामींनी फासा उचलला, टाकायला की मारायला ते कळलं नाही. ड्रॅगन बेघर, सोनं कुलपात, खजिन्याच्या आशेवर बसलेलं अख्खं राज्य उपाशी. भाचीने कपाळाला हात लावला. मग मामांचा कागद ओढून 'दुष्ट'च्या आधी ठळक पेनने लिहिलं, 'महा'.

मामा चक्क लाजले. "अगं, आपलं काम केलं. एवढं काय त्यात!"