शेजारच्या गड्याचा कुत्रा

हे लिहावे की नाही, ते मला अजून ठरवता आलेले नाही. आमच्या घरात आजवर कोणी अर्जाखाली सही करण्यापलीकडे काही लिहिलेले नाही. कॉलेजात गेलेला मी पहिलाच. लिहिण्यात काही चुकले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. वागण्यात चुकले ते मात्र सांभाळून घेऊ नये.

गोव्यातल्या पेडण्यात, मोप्याच्या पठाराखालच्या उतारावर आमची काजूची बागायत आहे. माकडे, रानडुकरे येतात म्हणून वडिलांकडे ठासणीची बंदूक आहे, शेतीच्या रक्षणासाठी मिळालेली. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागले की परत आणायची. मला एकवीस पूर्ण झाली तेव्हा वडिलांनी चार खेपा घालून परवान्यावर आपल्या नावाखाली माझेही नाव चढवून घेतले.

बंदुकीत आम्ही नुसती दारू ठासायचो. आवाजानेच माकडे पळतात. जनावर मारले तर परवाना जाईल, ही वडिलांची कायमची भीती. पण गेल्या हंगामात, हे घडले त्या आठवड्यात, एका डुकराने त्यांच्यावरच चाल केली होती, म्हणून त्यांनी छर्रेही भरले होते.

एका सकाळी मी एकटाच बिया वेचायला गेलो. बंदूक खांद्याला होती. शेजारच्या बागायतीत काजूचे बोंडू तुडवून रस काढायला चंदगडकडचा एक गडी असायचा. त्याचा तपकिरी कुत्रा माझ्या ओळखीचा. उंड्याचा, पावाचा तुकडा टाकला की शेपूट हलवत जवळ यायचा.

त्या दिवशी तो गडग्याच्या दगडी बांधावरून उतरला आणि न भुंकता सरळ माझ्याकडे आला. जबडा लोंबत होता, लाळ गळत होती. मी नेहमीसारखी हाक मारली. त्याने ओळख दाखवली नाही. मी ओरडलो, दगड मारला, बियांची बादली त्याच्या अंगावर फेकली. आधी बादलीवरच तो तुटून पडला आणि ती सोडून पुन्हा माझ्यावर आला. मागे हटता हटता पाठ झाडाला लागली. चारेक पावलांवर असताना मी चाप ओढला.

आवाज ऐकून वडील धावत आले. त्यांनी आधी मला पायांपासून हातांपर्यंत तपासले. मला ओरखडाही नव्हता. मग त्यांनी कुत्र्याकडे पाहिले. डोक्याचे काही राहिले नव्हते.

"कोणाक सांगू नको," ते म्हणाले. "परवानो गेलो तर माकडां सगळी बागायत खातली."

"बाबा, अंगावर आला म्हणून..."

"तें तू सांगतलो. पोलीस छर्रे मोजतले."

आम्ही त्याला खड्डा खणून पुरला, वर पाला ओढला.

संध्याकाळी तो गडी आमच्या अंगणात आला. मला चिडवल्याशिवाय त्याला बोलता येत नसे.

"काय कॉलेजवाले, पुस्तकातून डोकं काढा जरा. आमचं कुत्रं बघितलंत काय?"

"नाही," मी म्हणालो.

"कुठं गेलं कुणास ठाऊक. दोन दिवस काय खाईना. घशात हाड अडकलंय वाटलं, म्हणून हात घातला तोंडात. हे बघा, उपकार कसे फेडले." त्याने हात पुढे केला. अंगठ्याजवळ हळद भरलेली जखम होती.

मी विज्ञान शाखेत आहे. गिळता येत नाही, जबडा लोंबतो, घशात काही अडकल्यासारखे वाटते. ते पान मी परीक्षेसाठी पाठ केले होते. सकाळी त्यातले काही आठवले नाही. आता सगळे आठवले. वडील ओसरीवर बसून माझ्याकडे पाहत होते.

"इंजेक्शन घ्या," मी म्हणालो. "आरोग्य केंद्रात फुकट देतात."

तो हसला. "घरच्या कुत्र्याचं कसलं इंजेक्शन? माझ्याच ताटातलं खातंय ते."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्याच्याकडे गेलो. म्हटले, चला, मी गाडीवर नेतो. तो बोंडवांच्या चिखलात उभा होता. "कुत्रं आलं की दोघं जाऊ," म्हणाला. तेव्हा एकच वाक्य बोलायचे होते: ते पिसाळले होते, मी मारले. तोंडापर्यंत आले होते. मी "बरं" म्हणालो आणि परत फिरलो. पुढे पंधरा दिवस मी वाट बदलून बागायतीत जात होतो. पावसाच्या तोंडावर तो गावी गेला. त्याचा फोन नंबर शेजाऱ्यांकडे होता. मी मागितला नाही.

यंदाच्या हंगामात शेजाऱ्यांनी त्याच्याच गावचा दुसरा गडी आणला. मी आठवडाभर टाळून शेवटी त्याला विचारले, "गेल्या वर्षीचे ते आले नाहीत?"

"तो? श्रावणात गेला की. तीन दिवस पाण्याचा तांब्या बघितला तरी किंचाळायचा. आधी देवऋषी केला, मग दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं पहिलं हेच विचारलं, कुत्रं चावलं होतं काय. बायको म्हणाली, चावलं होतं, पण घरचंच होतं. त्याला काय झालं नव्हतं, कुठंतरी निघून गेलं."