टपाच्या फोमखाली

सर फोनवर म्हणाले, "जुना फोम काढू नको. त्याच्यावरूनच नवा मारून घे." तेवढ्यानंच मला शंका आली. एखादा माणूस अमुक गोष्ट उघडू नका म्हणाला की ती आधी उघडायची, हे मी सरांकडूनच शिकले होते. ग्रामपंचायतीत, पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात, सगळीकडे आम्ही तेच केलं होतं.

सर म्हणजे अमरावतीचे निवृत्त विज्ञान शिक्षक. खारपाणपट्ट्यातल्या गावांत विहिरी-बोअरचं पाणी तपासायचं आणि आकडे लोकांसमोर मांडायचे, हे काम त्यांनी सुरू केलं. मी पत्रकं लिहिणारी. गावोगाव फिरायला त्यांनी एक जुनी शाळेची व्हॅन घेतली, आतले बाक काढले, झोपायला फळी ठोकली, बाटल्यांसाठी कप्पे केले आणि टपाला आतून पिवळा फोम स्वतःच्या हातानं चिकटवला. गावात गाडी शाळेच्या आवारात उभी राहायची. आत मी झोपायची, सर शाळेच्या व्हरांड्यात. मागच्या वर्षी त्यांचे गुडघे गेले, तेव्हा गाडी त्यांनी माझ्या हवाली केली.

हवाली केली तेव्हाच टप सडलेला होता. फोमचा भुगा अंथरुणावर पडायचा, बाटल्यांत पडायचा. एकदा एका बोअरच्या पाण्यात पिवळं काहीतरी तरंगताना पाहून सरपंचानं मला सगळ्यांसमोर विचारलं, "हे आमचं हाये का तुमचं?" तेल्हाऱ्याकडचा दौरा महिन्यावर आला होता. टप नवा करणं भाग होतं. आणि सर ज्या अर्थी फोम काढू नको म्हणतात, त्या अर्थी खाली काहीतरी आहे. गाडी अपघातातली असेल. चोरीची असेल. पत्र्याला भोकं असतील आणि त्यांना ती आधीपासून माहीत असतील. यातलं काहीही निघालं तर सरांसोबतचं काम बंद, हे मी ठरवून टाकलं. चार वर्षं ज्यांच्या शब्दावर मी गावंच्या गावं फिरले, तो शब्दच खोटा असेल, तर हा दौरा मी एकटीच्या नावावर करणार होते.

अकोल्यातलं गॅरेज मीच शोधलं, सरांच्या ओळखीचं मुद्दाम टाळलं. पण तिथला मिस्त्रीही तेच बोलला. "काढायले दोन दिवस जाते ताई, मारायले दोन घंटे. राहू द्या जुना."

मला वाटलं, सरांनी याला फोन केला. जठारपेठेतल्या माझ्या खोलीच्या भिंती सोडता या गॅरेजचं नाव मी कोणाला सांगितलं नव्हतं, तरी वाटलं. मी त्याच्याकडून कामाची यादी कागदावर लिहून घेतली, चेसिसचा नंबर उतरवला, टपाचे चहूबाजूंनी फोटो काढले. तो पाहत राहिला.

"तुमी पोलिसात आहा का इन्शुरन्सवाल्या?"

"कार्यकर्ती आहे."

"म्हणजे दोन्ही."

पहिल्या दिवशी सकाळी मी खरवडायची पत्ती घेऊन स्वतःच भिडले. फोम वाळक्या ढोकळ्यासारखा कुस्करला जायचा. नखाएवढा तुकडा निघायचा, आणि खाली सोल्युशनचा थर तसाच राहायचा. चपलेचा तळ चिकटवतात तेच ते पिवळं सोल्युशन. भुगा डोळ्यांत, गळ्यात, ब्लाऊजात. मिस्त्री समोर निंबाखाली बसून चहा पीत होता. अकरा वाजले, बारा वाजले. हा वेळ काढतोय, अशी माझी खात्री झाली, आणि मी तसं बोलले.

"ताई, वेळ काढून नाई राहिलो. वेळ पाहून राहिलो."

दोन वाजता तो उठला. गाडी त्यानं सावलीतून काढून उन्हात लावली आणि अर्धा तास दारं बंद ठेवली. मग दार उघडून, तोंडाला दुपट्टा बांधून आत गेला. फोमची कड धरली आणि हळूच ओढली. टप तव्यासारखा तापला होता आणि सोल्युशन ढिलं झालं होतं. सकाळभर मला बशीएवढा तुकडा निघाला नव्हता, आता हातभर लांब पट्टा सोलल्यासारखा खाली आला. अख्खा अकोला घरात दारं लावून पडला होता आणि आम्ही दोघं त्या भट्टीत घाम गाळत होतो. मी त्याची माफी मागितली नाही. खाली येणारा पट्टा तेवढा धरून ठेवला.

तिसऱ्या पट्ट्यासोबत कागद आला.

पत्रा आणि फोम यांच्यामध्ये कागदांचा थर होता, एकावर एक, वह्यांना कव्हर घालतात तसा नीट चिकटवलेला. उन्हापासून बचाव म्हणून जुनी वर्तमानपत्रं लावतात, तसं असेल वाटलं. पण ते वर्तमानपत्र नव्हतं. मथळा होता "खारं पाणी, गोड बोलणं". माझा मथळा. मी लिहिलेलं पहिलं पत्रक. त्याचे गठ्ठे सर दर्यापूरकडच्या गावांत वाटायला घेऊन गेले होते. वाटून आलो, म्हणाले होते. आणि ते सगळे इथं होते, माझ्या डोक्यावर. चार वर्षं मी त्याच्याखाली झोपत होते.

गाडीबद्दलच्या सगळ्या शंका एका क्षणात संपल्या आणि त्याहून मोठी उभी राहिली. लोकांच्या वर्गणीचे पैसे, माझी मेहनत, आणि या माणसानं ती टपाला चिकटवली. मी फोटो काढू लागले. मिस्त्री मात्र मान वर करून वाचत होता, बोट ठेवून.

"पाणी वीस मिनिटं उकळून प्या म्हणता ताई."

"हो."

"खाऱ्या पाण्याबद्दल हाये ना हे?"

"हो, वाचा की."

"उकळलं त मीठ कुठं जाते?" त्यानं दुपट्टा खाली केला. "भाजीत मीठ जास्त झालं त आमची माय आटवत नाई. पाणी टाकते."

मी फोटो काढायचं थांबवलं. कारण ते मला माहीत होतं. दुसऱ्या वर्षी कधीतरी कळलं होतं. उकळल्यानं जंतू मरतात, क्षार मरत नाहीत, पाणी आटतं आणि क्षार तेवढेच राहतात. मी पटकीवरच्या कुठल्यातरी सरकारी पत्रकातली ओळ उचलून छापली होती. पुढच्या पत्रकात ती गाळली. चुकीची दुरुस्ती छापा म्हणून मी कार्यालयांसमोर घसा फोडला आहे, पण माझ्या चुकीची दुरुस्ती छापली नाही. ती पत्रकं गावोगाव वाटली गेली आहेत असंच मला वाटत होतं, आणि तरी मी झोपत होते.

दुसऱ्या दिवशी एसटीनं अमरावतीला गेले. पत्रकाचा फाडलेला तुकडा सरांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी चष्मा लावला, तुकडा वाचला, चष्मा काढला.

"म्हटलं होतं, काढू नको."

"मी चुकीचं लिहिलं हे तुमी मले तवाच काहून नाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतं?"

"भांडली असती."

"आणि मग निघून गेली असती. तीन संस्था सोडून आलेली होती तू. चौथा मीच उरलो होतो."

"म्हणजे माझ्यावर भरवसा नव्हता."

"नव्हता," सर म्हणाले. सरळ, जसं वर्गात शून्य मार्क सांगावेत तसं.

"रद्दीत देऊन टाकायचे होते मग."

"रद्दीत दिले असते तर भजी बांधून गावात गेले असते. जाळायले जीव झाला नाही. कागद चांगला होता."

हे माझ्यासाठी केलं की स्वतःचं नाव राखायला, हे मी विचारलं. त्यांनी तुकडा घडी घालून माझ्याकडे सरकवला. उलट विचारलं, "तोंडी कोणाले सांगितलं होतं का, उकळायचं?"

"नाही," मी म्हणाले.

ते खोटं होतं. म्हणताना मला वाटलं खरं आहे, पण परतताना बडनेऱ्याच्या पुढे एसटीत बसल्या बसल्या एक अंगण आठवलं. हिवरखेडच्या अलीकडचं एक गाव, दारात उभी एक सून. तिच्या सासऱ्याचे पाय सुजायचे. सर सभेत बोलत होते, आणि मी तिला एकटीला, मोठ्या तोऱ्यात, वीस मिनिटं उकळा म्हणून सांगितलं होतं. सरांनी कागद थांबवला होता. माझं तोंड त्यांना थांबवता आलं नव्हतं, कारण मी चुकले हे तेव्हा मलाच त्यांनी कळू दिलं नव्हतं.

मिस्त्रीनं सडलेला पत्रा कापून नवा जोडला, लाल रंग मारला. नव्या फोमसाठी मी थांबले नाही, दौऱ्याच्या तारखेसाठीही नाही. तो म्हणाला, "भाजून निघसान." उघड्या पत्र्याखाली गाडी हाकत मी तेल्हाऱ्याचा रस्ता धरला.

अंगण तेच होतं. सुनेनं मला ओळखलं. चुलीवर पातेलं होतं. मी सांगायचं ते सांगितलं, आडवळण न घेता. पाणी उकळू नका, त्यानं खारेपणा वाढतो, सरकारी योजनेच्या नळाला पाणी येईल त्या दिवशी तेच भरून ठेवा, मी चुकीचं सांगितलं होतं.

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "तवापासून उकळून राहिली मी. दोन येळ. मोडक्या वखराच्या दांडीपासून तुरीच्या तुऱ्हाट्यापर्यंत सगळं जाळलं."

"माझी चूक आहे, वहिनी."

"मले काय सांगता. बुड्याले सांगा. त्याईचा तुमच्यावर इश्वास हाये, माझ्यावर नाई."

सासरा खाटेवर बसला होता. सगळं ऐकलं होतं त्यानं. मला जवळ बोलावलं.

"तवा खोटं सांगतलं."

"चुकीचं सांगितलं."

"मंग आता खरं सांगून राहिली कशावरून?"

चार वर्षांत अधिकाऱ्यांना मी हाच प्रश्न विचारत आले होते. त्यांच्यापैकी कोणी काय उत्तर दिलं ते आठवायचा प्रयत्न केला. कामाचं एकही नव्हतं. मी गाडीतून क्षार मोजायचं मीटर आणलं, पेनाएवढं असतं ते. एका गिलासात बोअरचं पाणी घेतलं, दुसऱ्यात माठातलं, उकळून थंड केलेलं. मीटर पहिल्यात बुडवलं आणि आकडा त्याला दाखवला. दुसऱ्यात बुडवायला वळले, तेव्हा म्हाताऱ्यानं हात पुढे केला.

"दे इकडे. तू नको बुडवू."

मी मीटर त्याच्या हातात दिलं. त्यानं ते धोतराला पुसलं, डोळ्यांजवळ नेऊन उलटसुलट पाहिलं, सुनेला बोलावून गिलास नीट धरायला लावला, आणि स्वतः बुडवलं.