डुरियनच्या झाडाखालची आई

त्या वर्षी सुमात्रात आगी लागल्या आणि सिंगापूरवर कित्येक आठवडे धुराचा हेझ बसून राहिला. एका दुपारी धुरामुळे ऑफिस लवकर सुटलं. पाया लेबारहून बुओना व्हिस्टाला घरी आले, तर स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी आणि आमची हेल्पर तिथे नुसती उभी.

"अगं, खिडकी का उघडलीस? छोटीला दमा आहे, माहीत आहे ना तुला?"

तिने घाईने खिडकी लावली. "सॉरी, मॅडम. हा आमच्याकडचा धूर आहे."

ती सुमात्राची. बरीच वर्षं आमच्याकडे होती, पण घराबद्दल कधी बोलली नव्हती. त्या दिवशी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलतच राहिली. गावामागे दाट जंगल होतं. आई गेली तेव्हा तिला तिथेच एका डुरियनच्या झाडाखाली पुरलं. पुढे पाम तेलाची कंपनी आली. जंगल तोडलं, उरलेलं जाळलं, पामची रोपं लावली. वडील त्याच जमिनीवर मजूर झाले. लांब दांड्याच्या कोयत्याने फळांचे घड पाडायचे.

"दर ईदला आम्ही आईकडे जायचो, कबरीवर पाणी शिंपडायला," ती म्हणाली. "पण डुरियन गेलं, आणि रांगा सगळ्या सारख्या. बाबा म्हणायचे, इथे. मग म्हणायचे, नाही, तिथे. शेवटी त्यांनी अख्ख्या रांगेवर पाणी शिंपडलं."

"आणि आता?"

"आता तिथेच पेटलंय. बाबा विझवायला गेलेत. फोन उचलत नाहीत."

संध्याकाळी ओटा पुसताना फडक्यावर करडी पूड आली. रोजच येत होती. त्या दिवशी मात्र फडकं नळाखाली धरायला हात धजेना.

अखेर फोन लागला. वडील जिवंत होते, पण श्वास घेता येत नव्हता. मी तिचं तिकीट काढलं. "त्यांना बरं वाटलं की येते," म्हणाली. त्यांना बरं वाटलंच नाही.

लेक विचारत राहिली, "आंटी कमिंग बॅक व्हेन, आई?"

मग एक दिवस तिच्याकडून एक फोटो आला. मळ्यापासून लांब, रस्त्याकडेच्या मशिदीमागे नवी कबर. चारही बाजूंनी जाड सिमेंट, अजून ओलं. खाली लिहिलं होतं, "मॅडम, बाबा हरवणार नाहीत."

मी उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी "जपून राहा" एवढंच पाठवलं.