चाचीची दोन कापडं

माझी धाकटी चाची सोलापुरात आली ती उघड्या तोंडानं, आणि आमच्या गल्लीला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. चाचा हजला गेला होता. तिथं थोडे दिवस कामधंदा करत राहिला आणि परत आला तो बायको घेऊनच. टांगा दारात थांबला, बायाबापड्या जमल्या, आणि आतून उतरली ही. कमरेला लुंगीसारखं गोल शिवलेलं कापड, तसंच दुसरं डोक्यावरून घेतलेलं, आणि चेहरा लख्ख उघडा. समोर परके पुरुष उभे! अम्मानं धावत जाऊन तिच्या तोंडावर आपली ओढणी टाकली. नव्या नवरीनं ती काढून फेकली आणि भर रस्त्यात हुंदके देऊन रडायला लागली.

आमची भाषा तिला येत नव्हती, तिची आम्हांला. चाचा मोडक्यातोडक्या अरबीत तिच्याशी बोलायचा. त्यानं मग सगळ्यांना समजावलं. जावा बेटाच्याही पलीकडं बिमा नावाचा मुलूख आहे, तिथली ही. तिकडं लग्नाआधी पोरीनं घराबाहेर पडताना फक्त डोळे दिसतील असं तोंड झाकायचं, आणि निकाह झाला की चेहरा उघडायचा. अम्मानं तोंड झाकलं तेव्हा तिला वाटलं, हे लोक आपला निकाहच मानत नाहीत.

आमच्याकडं सगळं नेमकं उलटं. मी दहा-अकरा वर्षांची घोडी, परकर खोचून गल्लीभर उंडारायची, आणि लग्न झालेल्या बायका बुरख्यात. शेवटी घरात उघडं तोंड आणि बाहेर बुरखा अशी तडजोड झाली. पण तिनं त्याचा वचपा माझ्यावर काढला. मी बाहेर निघाले की धरायची, ते दुसरं कापड डोक्यावरून असं काही गुंडाळायची की नुसते डोळे उरायचे. मला ते आवडायचं, कारण आतून कुणालाही जीभ दाखवली तरी समजत नसे. गुंडाळून झालं की ती माझं तोंड दोन्ही हातांत धरून बघत बसायची. मी हिसडा मारून पळायची. मला काय माहीत, ती कुणाला बघत होती.

तिला माझ्याएवढी लेक होती. पहिल्या नवऱ्याबरोबर हजला निघताना पोरीला आपल्या आईपाशी ठेवून आलेली. नवरा मक्केत तापानं गेला, ही एकटी पडली, आणि आमच्या चाचानं तिच्याशी निकाह केला. मुंबईहून जगात सगळीकडं बोटी जातात, तुला लेकीकडं घेऊन जाईन, असं त्यानं सांगितलं होतं. चाचा मनानं सोन्यासारखा, पण त्याचं म्हणजे बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. मुंबईला जायचं नाव निघालं की त्याला मागावरचं काम आठवायचं.

तशी ती रमली म्हणा, पण आपल्या पद्धतीनं. तिकडं घरं खांबांवर उभी असतात म्हणे, जमिनीला पाठ लावून कुणी झोपत नाही. म्हणून ही थंडीतसुद्धा माळवदावर झोपायला जायची. विहिरीत पोहरा सोडण्याआधी वाकून काहीतरी पुटपुटायची. झऱ्यात, मोठ्या झाडात, दगडात कुणीतरी राहतं, त्याला विचारल्याशिवाय पाणी घ्यायचं नसतं. शेजारणीनं नावं ठेवली, तर अम्माच म्हणाली, आपण दर्ग्याला धागे बांधतोच ना, मग राहू दे तिचं. टांग्याचा घोडा दिसला की चाची उभीच राहायची. तिच्या मुलखात घोडे फार, शेंबडी पोरंसुद्धा शर्यतीत पळवतात. आमच्या घरातल्या दखनी बोलीच्या आधी तिला मराठी आली, तीही वळसंगच्या दूधवालीकडून. त्यामुळं आमच्या घरात एकटी चाची खेड्यातल्या बाईसारखी व्हय-न्हाय करायची आणि आम्ही पोट धरून हसायचो.

आमच्याकडं लुगड्यांचा हातमाग होता. अब्बा आणि चाचा विणायचे, बाया सुताच्या कांड्या भरायच्या. चाचीला याचं भारी नवल. पुरुष विणतात, मग बायका करतात काय, असं तिनं अम्माला विचारलं होतं. तिच्याकडं विणणं बाईचं काम, आणि विणता न येणाऱ्या पोरीला कोण मागणी घालणार? तिनं आपला माग आपणच केला. उभ्या सुताचं एक टोक अंगणातल्या कडुनिंबाला, दुसरं तिच्या कमरेमागच्या पट्टीला. पाय लांब करून बसायची आणि अंग मागं रेलून सूत ताणायची. बाईच्या कमरेला माग बांधलेला बघून अब्बा आधी चिडले. मग एकदा त्यांनी कापडाचा काठ बोटात धरून बघितला, आणि तिथून पुढं चांगल्यातलं किरमिजी सूत तिच्यासाठी बाजूला पडायला लागलं.

ती विणत होती ती दोन कापडं लेकीसाठी होती. एक कमरेचं, एक डोक्याचं. चाचीच्या लग्नात तिच्या आईनं विणून दिली होती, तशीच हिनं आपल्या लेकीला द्यायची. किरमिजी जमिनीवर काळ्या रेघा आणि मधून आठ कोनांची फुलं. मी एक मोर घाल म्हणून मागं लागले, तर कानाला हात लावला तिनं. जिवंत प्राणी कापडावर काढायचा नाही. लेक लग्नाला आली असेल आता, असं म्हणायची आणि हात भराभर चालवायची.

कापडं झाली. गल्लीतले एक बुजुर्ग हजला निघाले होते, त्यांच्याबरोबर कापडं पाठवली. मक्केत जावावाल्यांची उतरायची जागा आहे, तिथं बिमाचेही लोक येतात. त्यांच्यातल्या कुणाच्या हाती ती द्यायची, म्हणजे हस्ते परहस्ते पोचतील. बुजुर्ग परत आले, दिली म्हणाले. कुणाला दिली, ते त्यांना सांगता येईना. तिथून पुढं दर साली हाजी परतले की चाची पडद्याआड जाऊन उभी राहायची. कापडं पोचली का? लेकीचं लग्न झालं का? एवढंच विचारायची. जीव तुटायचा हो बघताना. खजूर यायचे, जमजमचं पाणी यायचं, हिच्या प्रश्नाला उत्तर तेवढं नसायचं.

मधल्या काळात माझंच लग्न ठरलं. निघताना मला बुरखा घातला तेव्हा अम्मापेक्षा चाची जास्त रडली. “उगडायच्या वक्ताला झाकत्यात गं पोरीला,” म्हणाली. मला हसू आलं आणि रडूही.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले होते, त्या साली आमच्या गल्लीतले मन्यार हज करून आले. बांगड्यांचं दुकान त्यांचं, माणूस देवभोळा, बायांना बांगड्या भरतानाही नजर मनगटाच्या वर जायची नाही. दुपारी ओसरीवर येऊन बसले. चाची पडद्याआड, मी तिच्या शेजारी. त्यांनी सांगितलं, जावावाल्यांकडं जाऊन चौकशी केली तर एक तरुण बाई नवऱ्याला घेऊन पुढं आली. चाचाचं नाव, सोलापूरचं नाव ऐकून रडायला लागली. अंगावर दोन्ही कापडं होती. हे किरमिजी सूत मी कुठंही ओळखीन, म्हणाले.

मी आनंदानं ओरडणार होते. चाचीनं माझा हात घट्ट धरला.

“तोंड उगडं हुतं का तिचं?”

मन्यार संकोचले. “होतं, भाभी. म्हणून तर मी मान खाली घातली.”

चाची तोंडात पदर कोंबून हसायला लागली. निकाह झाला, लेकीचा निकाह झाला, असं अम्माला, मला, माझ्या पोटातल्या बाळालासुद्धा सांगत सुटली. मग परत पडद्याकडं वळली.

“दिसाया कशी हाय?”

“नाही बघितलं, भाभी. परकी बाई, कशी बघणार?”

मला त्या भल्या माणसाचा असा संताप आला! पोर चेहरा उघडून समोर उभी, आणि हा मेला जमिनीकडं बघतोय. चाचीनं पडद्याला कपाळ टेकलं. तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. बहुतेक तोच मन्यारांनाही ऐकू गेला.

“तिनं मला पाण्याचा पेला दिला,” ते हळूच म्हणाले. “हात बघितला. बघितलेला हात मी विसरत नाही.”

चाचीनं पडद्यातून आपला हात पुढं केला. बांगडी भरताना धरतात तसा त्यांनी तो धरला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघितला, बोटं सरळ केली.

“हाच,” म्हणाले. “हेच माप. करंगळीसुद्धा अशीच वाकडी.”

ते गेल्यावर अम्मानं चहा आणला. चाची माळवदाच्या पायरीवर बसून आपला हात उन्हात धरून उलटासुलटा करत होती. चहा निवायला लागला, म्हणून मी हाक मारली.

“थांब की जरा,” ती म्हणाली. “लेकीला बघतीया.”