खोताच्या घरचं नरसाळं

आज खोबरेल बाटलीत ओतायला पत्र्याचं जुनं नरसाळं काढलं आणि तेलाच्या त्या वासासरशी आमचं रत्नागिरीजवळचं अंगण डोळ्यांपुढे आलं. वडील गावचे खोत होते. भात कुळांनी पिकवायचं आणि निम्मं आमच्या घरात येऊन पडायचं, हे पणजोबांपासून चालत आलेलं. थोरला भाऊ मुंबईच्या कॉलेजातून सुटीत परतला तो खादी घालूनच, आणि एके सकाळी कुळांची पोरं जमवून, हेच नरसाळं तोंडाला लावून अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडून ओरडू लागला, "खोती नष्ट झालीच पाहिजे!" वडील ओटीवर सुपारी कातरत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही. "ओरड हवं तेवढं, पण नरसाळं जागेवर ठेव. ते वडिलार्जित आहे." पोरं खिदळली आणि भावाचा आवाज एकदम खाली आला. मला राहवेना. परकर सावरत धावले, नरसाळं हिसकून घेतलं आणि तीच घोषणा अशी किंचाळले की माडावरचे कावळे उडाले. वडिलांनी अडकित्ता खाली ठेवला. "तुला गो काय झालं?" मी म्हटलं, "दादाला उद्या सगळं मिळायचंय, म्हणून तो दबकतो. मला काय मिळणार आहे? मी कशाला भिऊ?" वडील ठसका लागेपर्यंत हसले. पुढे माझ्या लग्नात रुखवतावर लाडू-चकल्यांच्या मधोमध त्यांनी स्वतः हे नरसाळं मांडलं. खोती कायद्यानं गेली, उरलेल्या माडांच्या बागेवरून भावाची मुलं अजून भांडतायत. माझ्या वडिलार्जितावर मात्र कुणी दावा लावलेला नाही.