पहिल्या हाकेला कोण उठतो

जुन्या नाटकातल्या गड्याला नाव नसतं. तालुक्याच्या नाट्यस्पर्धेसाठी आमच्या शाळेतल्या सरांनी शंभरेक वर्षांपूर्वीचं एक नाटक उकरून काढलं, त्यात सरकारांच्या घोड्यालासुद्धा नाव होतं. मी मात्र नुसता 'गडी'. सरकारांनी हाक मारली की धावत यायचं, कमरेत वाकायचं आणि "जी सरकार" म्हणायचं. शेवटी एकदा घसरून पडायचं. तिथे लोक हसतात म्हणे.

माझे बाबा सत्तावीस वर्षं पाटलांकडे सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेले गडी होते. नांगर, गोठा, धानाचं खळं, सगळं त्यांच्या अंगावर. मला कसलं काम मिळालं हे त्यांना सांगायची माझी छाती होईना. पण गावाचं तोंड कोण धरणार?

"याच्यासाठी शिकवलं होतं का तुले?" एवढंच म्हणाले आणि तीन दिवस बोलले नाहीत. मला नाटक सोडवत नव्हतं आणि बाबा बघायला नसतील तर करवतही नव्हतं.

चौथ्या दिवशी आपणहून तालमीला आले. माझी धावपळ पाहिली आणि सरांना म्हणाले, "सर, हा गडी होय का माकड?"

सर म्हणाले, "पुस्तकात 'धावत येतो' असंच आहे, भाऊ."

"ज्यानं लिवलं त्यानं गडी ठेवला असन, राह्यला नसन." मग माझ्याकडे वळले. "पह्यल्या हाकेले कोणता गडी उठते? एकदा उठला का मंग जिंदगीभर उठा लागते. हातातलं काम सोडू नको. दुसऱ्या हाकेले नुसतं 'आलो' म्हण. तिसऱ्या हाकेले ऊठ, तेबी कमरेले हात देऊन."

तसं केलं आणि सगळी तालीम हसून लोळली. सर मनातून चरफडले, पण ठेवलं. सरकार झालेले पोस्टमास्तर आधी कुरकुरले, मग हाका वाढल्या म्हणजे आपली वाक्यं वाढली हे लक्षात आल्यावर गप्प झाले.

प्रयोग दुपारी होता. बाबा तिसऱ्या रांगेत, मार्कंड्याच्या जत्रेतला नवा दुपट्टा खांद्यावर टाकून बसलेले. पडदा उघडला तेव्हा मी दोर वळत बसलो होतो. पोस्टमास्तर गरजले, "अरे गड्या!"

मी हललो नाही. बाबा उठून उभे राहिले.

चपला पायातून काढलेल्या, दुपट्टा खांद्यावरून हातात घेतलेला. मागून कोणीतरी म्हणालं, "बसा ना भाऊ, दिसून नाई राह्यलं." ते दचकले आणि बसले. मला राग आला, कोणाचा ते अजून सांगता येत नाही.

दुसरी हाक आली. मी "आलो" म्हटलं नाही. तिसरी गेली, चौथी गेली. पोस्टमास्तरांना घाम फुटला, लोक हसून बेजार. सर विंगेतून हातवारे करत होते. पाचव्या हाकेला मी दोर बाजूला ठेवला, कमरेला हात देऊन उठलो आणि पडायचं तर विसरूनच गेलो.

घरी परतताना बाबा म्हणाले, "मंगाशी मुंगी चावली मले, म्हून उठलो."

"हो," मी म्हणालो.

थोडं चालून पुन्हा म्हणाले, "पण तू पाचव्या हाकेले काऊन उठला? म्या तिसरी सांगतली होती."

"दोन तुमच्या बसून काढाच्या राह्यल्या होत्या, बाबा."

दुपट्टा अजून हातातच होता, तो त्यांनी खांद्यावर टाकला.